छऱ्याला गॅस चेक लागतो का? मुलीचा ग्रुप (टार्गेटवरचा भोकांचा पुंजका) अचानक फाटलाय

गणवेश_जुळेसोलापूर:

नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहतो. शाळेचे गणवेश शिवायचा छोटा कारखाना आहे, बारा मशिनी. बंदुकीतलं मला काही कळत नव्हतं. जे थोडं कळतं ते मुलीच्या मागं फिरून कळलंय. ती नववीत आहे, दीड वर्ष झालं १० मीटर एअर रायफल मारते. रायफल क्लबची आहे, हवेच्या सिलिंडरवरची. जूनमध्ये ६० शॉट्सला ६५४ पैकी ६१२ पर्यंत जात होती. गणपतीनंतर घसरण सुरू झाली: ६०४, ६०१, परवा ५९८.

सर म्हणतात पोझिशन तीच आहे, ट्रिगरही चांगला सोडते. पण दहा शॉट मारले की त्यातले दोन-तीन कुठंतरीच जातात. ८.९, ९.१ असे. तेही एका दिशेला नाही, एक खाली गेला तर दुसरा डावीकडं. मी मागं खुर्चीवर बसलेला असतो. स्क्रीनकडं बघायच्या आधी ती हळूच सांगते, "हा १०.४", आणि स्क्रीनवर ९.० येतो. परवा घरी येताना स्कूटीवर मागं बसून रडत होती. म्हणाली, "पप्पा, सोडला तेव्हा तो दहातच होता." माझा तिच्यावर विश्वास आहे, म्हणून इथं विचारतोय.

माझा आतेभाऊ टेक्सासला असतो. तो त्याच्या रायफलीसाठी शिशाच्या गोळ्या स्वतः ओततो. त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, आम्ही गोळीच्या बुडाला तांब्याची बारकी वाटी बसवतो, तिला गॅस चेक म्हणतात. ती नसली तर नळीत शिसं धरतं आणि नेम जातो. मग सरांनी रायफल रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून मला नळीत बॅटरी मारून दाखवली. आत करड्या रेघा आहेत. आमच्या ४.५ मिमीच्या छऱ्याला असा गॅस चेक मिळतो का? कुठल्या मापाचा घ्यायचा आणि बसवायचा कसा?

दुसरं, दुकानात डब्यांवर ४.४९, ४.५० आणि ४.५१ असे आकडे आहेत. आपण आजवर ४.५० घेत आलो. बदलायचं का?

हुतात्मा_प्रवासी:

दादा, छऱ्याला गॅस चेक नसतो. नळी साफ करा आणि ४.४९ घ्या. मी मूळचा सोलापूरचा, आता पुण्यात बालेवाडीला मारतो. माझं ४.४९ वर एकदम जमलं. तिचंही जमेल.

तुळजापूरवेस_फिटर:

गणवेशवाले दादा, नमस्कार. मी लूमचे सुटे भाग बनवणाऱ्या टूलरूममध्ये ३१ वर्षं फिटर होतो, आता घरी आहे. एनसीसीत पहिल्यांदा .२२ ची रायफल हातात धरली तेव्हापासूनचं हे वेड. अजूनही आठवड्यातून तीन दिवस एअर रायफल मारतो. पुण्याच्या भावानं पहिलं वाक्य बरोबर लिहिलंय. पण लगेच ४.४९ चा डबा आणू नका. आधी दुखणं कुठं आहे ते बघू.

तुमच्या आतेभावाचं म्हणणं त्याच्या रायफलीपुरतं शंभर टक्के खरं आहे. त्याच्याकडं गोळीच्या मागं दारू पेटते. तो वायू तापलेला असतो आणि त्याचा दाब लई मोठा असतो. मऊ शिशाचं बूड आणि नळी यांच्यात जरा फट मिळाली की वायू तिथून घुसतो, बुडाची कड खातो आणि ते शिसं पुढं नळीत थापतो. म्हणून बुडाला पातळ तांब्याची वाटी बसवतात. त्यासाठी गोळीचा साचाच वेगळा लागतो, ज्यात बुडाशी एक पायरी सोडलेली असते. त्या पायरीवर वाटी ठेवायची आणि गोळी मापाच्या डायमधून दाबून काढायची, म्हणजे वाटीची कड शिशात रुतून बसते. वाटी तिरपी बसली तर ती गोळी वाटी नसलेल्या गोळीपेक्षाही वाईट जाते, हे त्याला विचारा, तो सांगेल. हे त्याच्या देशात चालतं. आपल्याकडं परवान्याशिवाय घरी काडतूस किंवा गोळी बनवणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे, एवढं फक्त मुलीलाही सांगून ठेवा, कारण ती व्हिडिओ बघत असणार.

आता आपला छरा. आपल्या रायफलीत जाळ नाही. सिलिंडरमधली दाबलेली हवा मोकळी होताना उलट गार पडते. शिसं वितळायला ३२७ अंश लागतात, त्याच्या जवळपासही काही घडत नाही. तुम्ही पाहिलेल्या करड्या रेघा म्हणजे शिसं नळीतल्या पिळाच्या खाचांवर घासून राहिलेला पातळ लेप आहे. तो प्रत्येक एअर रायफलीत असतो आणि थोडा असावाही लागतो.

पण हवा अडवायचं काम तर छऱ्यालाही करावंच लागतं. ते कोण करतं? तुम्ही शिवणकामातले, तुम्हाला लगेच पटेल. एक छरा घ्या आणि आडवा धरून बघा. पुढं सपाट डोकं, मध्ये कंबर, मागं पोकळ घेर. त्या घेराला इंग्रजीत स्कर्टच म्हणतात. घेर डोक्यापेक्षा जरा मोठा असतो आणि त्याची भिंत कागदासारखी पातळ. मागून हवेचा दाब आला की तो फुलतो आणि नळीच्या खाचांना चिकटतो. डोकं छऱ्याला नळीत मधोमध धरतं, घेर हवा अडवतो. आतेभाऊ जे तांब्याच्या वाटीनं करतो ते आपल्याकडं हा घेर करतो. म्हणून घेर जर चेपला असेल तर तुमचा गॅस चेकच गेला असं समजा.

तुम्ही लिहिलंय की शॉट एका दिशेला जात नाहीत, आणि दहात सात-आठ चांगले जातात. साईट हलली असती तर सगळे एकीकडं गेले असते. नळी घाण असती तर सगळाच ग्रुप हळूहळू मोठा झाला असता. मधूनच एखादा पळतो म्हणजे मला छऱ्याची शंका येते. दोन गोष्टी सांगा. छरे घरून रेंजपर्यंत कसे नेता? आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यात काय बदललं?

आणखी एक काम करा. तुमच्या गल्लीत एखादा लूमवाला असेल, त्याच्याकडून पिक ग्लास मागून आणा, कापडाचे धागे मोजायचं बारकं भिंग. शंभर छरे टेबलावर उलटे मांडा, घेर वर. ट्यूबलाईटखाली एकेकाचा काठ बघा. गोल आहे की अंड्यासारखा, एवढंच बघायचं.

गणवेश_जुळेसोलापूर:

काका, तुमचं वाचून मी कारखान्यात जाऊन बसलो. पिक ग्लास माझ्याकडंच होता. मशिनीच्या दिव्याखाली शंभर छरे बघितले. १७ चा काठ गोल नाही. त्यातल्या चार-पाचांना तर नख लागल्यासारखी खाच आहे. मी आजवर हे कधी बघितलंच नव्हतं.

काय बदललं ते आता आठवलं. ऑगस्टपासून आम्ही आणि तिची मैत्रीण मिळून ५०० चा डबा घेतो आणि निम्मे-निम्मे करतो. आमचे निम्मे मी बटणांच्या प्लास्टिकच्या डबीत ओतून दिले. डबी मोठी, छरे तळाला. ती स्कूटीच्या डिकीत. होटगी रोडवरून रोज जाणं-येणं, रस्त्याचं तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे हे मीच केलं. पैसे वाचवायला गेलो आणि तिला वाटत राहिलं की तिचाच हात बिघडलाय.

तुळजापूरवेस_फिटर:

दादा, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही दीड वर्ष रोज तिच्या मागं त्या खुर्चीवर बसताय. आणि तुमच्यामुळं कारण सापडलं. आज तिला ते १७ छरे दाखवा. तिला सांगा की तिनं सांगितलेला आकडा खरा होता. हे सगळ्यात आधी करा, बाकीचं उद्या.

आता डबा. शिसं मऊ. डब्यात मोकळी जागा राहिली की छरे एकमेकांवर आपटतात, आणि आपटताना सगळ्यात पातळ जागा दबते, ती म्हणजे घेर. मूळ डब्यातच ठेवा आणि झाकणाखाली फोम कापून घाला, हलवल्यावर आवाज येता कामा नये. कोटाच्या खांद्यात घालायचा फोम तुमच्याकडं असेलच. मैत्रिणीबरोबर वाटून घ्यायचे तर दोन डबे घ्या, ओतू नका. रेंजवर एका वेळेला पन्नास छरे हातानं मोजून काढायचे. डबा कलंडून ओतायचा नाही. खाली पडलेला छरा परत मारायचा नाही, सरावातसुद्धा नाही.

रायफलीत घालताना तुमच्याकडं बहुतेक पन्हळीसारखी जागा असेल, तिच्यात छरा ठेवला की बोल्ट त्याला पुढं ढकलतो. नळी वाकवून छरा भरायच्या जुन्या रायफलीत अंगठ्याला कळतं की छरा सैल गेला की घट्ट. इथं ते कळत नाही. म्हणून डोळ्यानं बघायचं: डोकं पुढं, छरा सरळ, मगच लिव्हर, आणि लिव्हर हळू. घाईत तिरप्या छऱ्यावर बोल्ट गेला की घेर तिथंच कातरतो. वेळेच्या भीतीनं पोरं शेवटच्या दहा शॉट्सला हेच करतात.

आता ४.४९ की ४.५०. यावर लई भांडणं होतात, पण मला जे स्वतःला दिसलं ते लिहितो. तो आकडा डोक्याच्या व्यासाचा आहे, मिलीमीटरमध्ये. फरक एका मिलीमीटरच्या शंभराव्या भागाचा. ३१ वर्षं मायक्रोमीटर वापरलेला माणूस सांगतोय, छरा मायक्रोमीटरनं मापू नका. रॅचेटच्या दोन टिचक्यांत शिसं दबतं आणि तुम्हाला हवा तो आकडा येतो. मी सराफाकडून मिलिग्रॅमचा काटा आणून वजनंही केली. रायफलीचा मॅच छरा ०.५३ ग्रॅमच्या आसपास असतो, पिस्तुलाचा त्याहून हलका. चांगल्या डब्यात वजनातला फरक थोडा निघाला, आणि त्या थोड्या फरकानं ग्रुपमध्ये मला तरी काही दिसलं नाही. वजन करायचं मी सोडून दिलं. काठ बघायचं सोडलं नाही.

खरी परीक्षा एकच, तुमच्याच नळीतून मारून बघणं. सरांना विनंती करा. क्लबमध्ये वाइस (वस्तू घट्ट धरायचा शिकंजा) असेल तर रायफल लाकडाच्या आणि लेदरच्या जबड्यात धरायची, नळीला वाइस लावायची नाही. प्रत्येक डब्यातले दहा-दहा छरे कागदाच्या टार्गेटवर, एका ठिकाणी. भोकाचं माप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत घ्यायचं.

हे माप गुणांत काय करतं ते सांगतो, कारण तुमच्या मुलीला हे आवडेल. टार्गेटवर दहाचा ठिपका ०.५ मिमीचा. पुढची प्रत्येक रिंग २.५ मिमीनं बाहेर, म्हणजे गुणाचा दहावा भाग ०.२५ मिमी. समजा वाइसमधून भोक ८ मिमीचं आलं. त्यातून छऱ्याचे ४.५ वजा करा, ३.५ राहिले. म्हणजे मधल्या बिंदूपासून छरा १.७५ मिमीपर्यंत इकडं-तिकडं जाऊ शकतो. तिनं मधोमध सोडलेला १०.९ चा शॉट नुसत्या छऱ्यामुळं १०.३ होऊ शकतो. भोक ६ मिमीचं आलं तर तोच शॉट १०.७ च्या खाली जात नाही. साठ शॉट्सना हे गुणून बघा. आणि चेपलेल्या घेरातून हवा निसटली की वेगही कमी होतो. आपला छरा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास जातो आणि १० मीटरवर साधारण १७ मिमी खाली येतो. वेग ३ मीटरनं कमी झाला तर अर्ध्या मिलीमीटरहून जास्त आणखी खाली. तिचे काही शॉट खाली का गेले ते यातून कळेल.

माझ्याकडच्या चार डब्यांत एकाच कंपनीच्या ४.५० ला साडेसात मिमी आलं, ४.४९ ला सहा. मी खूश होऊन ४.४९ चा दुसरा डबा आणला, वेगळ्या लॉटचा, म्हणजे वेगळ्या खेपेत बनलेला. त्याला आठ आलं! तेव्हापासून मी आकड्याबरोबर डब्याच्या मागचा लॉट नंबरही वहीत लिहितो.

हुतात्मा_प्रवासी:

काका, पटलं. मी ४.४९ सांगितलं ते माझ्या नळीचं होतं. आमच्याकडं ५० मीटरवाले लॉटबद्दल इतके काटेकोर असतात आणि मला वाटायचं ते फक्त .२२ च्या काडतुसांना लागू आहे. ज्या प्रकारात आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं, त्या प्रकारात लॉट स्वतःच्या रायफलीतून मारून बघूनच घेतात. छऱ्यालाही तेच करायला हवं. या शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं घरी येतोय. दादांना चालणार असेल तर माझ्याकडचे आरडब्ल्यूएस आर-१० आणि एच अँड एन फिनाले मॅचचे अर्धवट डबे आणतो, चाचणीपुरते वीस-वीस छरे घ्या. डब्यात फोम आहे.

नवीन_नेमबाज_अक्कलकोट:

एक विचारायचं होतं. रेंजच्या ट्रॅपमध्ये (टार्गेटमागं छरे अडवायची पेटी) किलोनं शिसं पडतं. ते वितळवून घरी साच्यात छरे ओतता येतील का? वडील आधी भांड्यांना कल्हई करायचे, भट्टी घरीच आहे.

तुळजापूरवेस_फिटर:

नाही येणार, बाळा. हे छरे ओतीव नसतात. शिशाची तार कापून ती डायमध्ये दाबून घडवतात, म्हणून घेराची भिंत इतकी पातळ आणि सारखी येते. ओतून तसला घेर मिळत नाही. ट्रॅपमधलं शिसं क्लबला भंगारात विकू दे, त्यातून कागदी टार्गेटं येतील.

लॅबवाली_ताई:

मी सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि माझा मुलगाही एअर रायफल मारतो, म्हणून मध्ये बोलते. अक्कलकोटच्या दादा, घरच्या भट्टीवर शिसं अजिबात वितळवू नका. घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही. वाफ आणि वर येणारी राख, दोन्ही पोटात आणि छातीत जातात. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा परिणाम डोक्याच्या वाढीवर होतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

गणवेशवाले भाऊ, तुम्ही शंभर छरे हातानं तपासलेत, मुलगीही आता तपासेल. चार गोष्टी पाळा. छरा ओठात धरायचा नाही, खूप मुलांना ती सवय असते. दहा-दहा शॉट्सच्या सीरिजच्या मध्ये हात न धुता चटणी-भाकरी खायची नाही. हात साबणानं आणि पाण्यानं धुवायचे, नुसतं सॅनिटायझर चोळून शिसं जात नाही. आणि ज्या टेबलावर गणवेश कापता त्याच्यावर छरे मांडू नका, ते कपडे शाळेतली पोरं घालणार आहेत. जुन्या वर्तमानपत्रावर मांडा आणि नंतर ते गुंडाळून टाकून द्या. ट्रॅप साफ करताना झाडू मारून धूळ उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं.

गणवेश_जुळेसोलापूर:

ताई, टेबलाचं तुम्ही सांगितलं नसतं तर माझ्या लक्षातच आलं नसतं. त्याच दिवशी साबणानं धुऊन घेतलं, आता छऱ्यांसाठी वेगळा पाट केलाय.

शनिवारी पुण्याचे दादा आले, काका तुळजापूर वेशीतून आले, सरांनी वाइस लावून दिला. मुलीनं स्वतः वहीत सगळं लिहिलं. आमच्या बटणांच्या डबीतले छरे: ११ मिमी. त्यातलेच पिक ग्लासखाली निवडलेले: साडेसात. दुकानातून आणलेला नवा ४.५०: सात. पुण्याच्या दादांचा ४.४९ आमच्या नळीतून: साडेआठ. दादांचा दुसरा ४.५०: सहाला जरा कमी. म्हणजे आमच्या नळीला ४.५० च बरा होता. सरांनी नळीत फेल्टचे तुकडे मारून साफ केलं, त्यानंतरचे पंधरा-वीस शॉट मोजायचे नाहीत असं काकांनी सांगितलं, ते तसंच झालं, ग्रुप नंतर बसला.

काकांनी तिला ते १७ छरे एका काचेच्या बाटलीत घालून दिले आणि म्हणाले, जपून ठेव. ती काही बोलली नाही, बाटली बॅगेत ठेवली. काल तिनं ६०९ मारले. दोन शॉट नऊत गेले. दोन्ही वेळेला तिनं स्क्रीनच्या आधी सांगितलं होतं की हा नऊ आहे.

काका, सहा मिमीवाल्या लॉटचे डबे दुकानदाराकडं सात आहेत. जानेवारीत गड्डा यात्रेच्या सुमाराला तिची स्पर्धा आहे. किती घेऊन ठेवू?

तुळजापूरवेस_फिटर:

रोजचे साठ धरले तर एक डबा आठ दिवस जातो. सरावाला दुसरा चांगला लॉट वापरा. या लॉटचे चार घ्या, त्यातले दोन फक्त स्पर्धेसाठी, कोरड्या जागेत, तारीख टाकून. आणि घेताना प्रत्येक डबा कानाशी हलवून बघा, दुकानातही काही डबे पडलेले असतात.